फळीवरचं तरू

संक्रांत सरली तरी वडगावात पहाटे तोंडातून वाफ निघते.
असल्या गारठ्यात वाफ्यावर मिरचीचं बी टाकलं
तर पंधरा दिवस ते डोळा उघडत नाही,
उघडलाच, तर आधी मुंग्यांना कळतं.
म्हणून यंदा तरू घरात.

घरात म्हणजे मागाजवळ. दुसरी जागा कुठली?
पुढं आम्ही चौघं, मधे गॅस, मागं दोन यंत्रमाग,
मोटरीच्या वर एक फळी, जिच्यावर आजवर
तेलाचा डबा आणि तुटके धोटे राहायचे.
मोटर दिवसभर तापते.
फळीवर तळहात ठेवला तर
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळासारखी लागते.

ऑम्लेटच्या गाडीवरून अंड्यांचे चार ट्रे आणले.
येळ्ळूरची काळी माती, शेणखत, चाळलेली राख.
वांग्याचं बी इराक्कानं दिलं, चहाच्या पुडीत बांधून,
टोमॅटोचं मी गेल्या सालच्या फळातून धरलेलं,
मिरचीचं संकेश्वरच्या बाजारातलं.
वैजूनं आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं घातली,
एका अंगाला कानडी, इराक्कासाठी,
दुसऱ्या अंगाला मराठी, माझ्यासाठी.

तिसऱ्या दिवशी भुजंग म्हणाला, "बी कुठं गेलं बघ तुझं."
माग चालला की भिंत हलते,
भिंत हलली की फळी हलते,
सगळं बी सरकून सरकून
खळग्याच्या एका कडेला गोळा झालेलं,
एस्टीत ब्रेक लागल्यावर माणसं होतात तसं.
काडेपेटीच्या काडीनं एकेक उचलून परत मधे ठेवलं.
ट्रेखाली व्यापाऱ्यानं परत पाठवलेली साडी घडी करून घातली,
जांभळी, काठात दोन बोटं चुकलेली.
कुणी नेसली नाही. निदान हादरे तरी तिनं सोसले.

"हे असलं कोण करतंय," भुजंग म्हणायचा,
"मंडईत रुपयाला एक तरू मिळतंय."
मी हिशोब केला नाही.

मग सूत आलं नाही.
शुक्रवार गेला, शनिवार गेला, माग उभे,
घरात इतकी शांतता की
शेजारच्या मागाचा खटका आपलाच वाटायचा.
फळी गार. माती गार.
मी ट्रेवर गोधडी टाकली, काढली, परत टाकली.

रविवारी रात्री घूं असा आवाज आला.
उठून बघते तर भुजंग.
मोटरीचा पट्टा काढून ठेवलेला,
मागाला धक्का नाही, नुसती मोटर फिरतीय,
आणि हा पालथ्या मुठीनं
फळीची ऊब बघतोय.
"मीटर पळतंय," मी म्हटलं.
"लई दिवस बंद राहिली की जाम होती," म्हणाला.
मोटरीबद्दलच म्हणाला.
मी आत येऊन निजले.
तो कधी निजला माहीत नाही.

बुधवारी माती फुगली. गुरुवारी चिरली.
मग पांढऱ्या माना, वाकलेल्या,
डोक्यावर बियाचं टरफल अजून तसंच,
आणि सगळ्यांची तोंडं खिडकीकडे.
सकाळी ट्रे फिरवला
की संध्याकाळपर्यंत परत तिकडेच.

पाणी शिंपडून शिंपडून काड्यांवरची शाई उतरली होती,
दोन्ही अंगांची.
सगळ्यांना दोन दोन पानं, सगळी सारखी.
वैजू रडकुंडीला आली.
इराक्का आली, चष्मा नाही आणला म्हणाली,
एक पान बोटात चुरडलं, नाकाशी नेलं.
"टोमॅटो."
बाकीच्या तीन ट्रेंना वासच नव्हता.

ती तिथंच बसली, चहा घेतला,
तिला वीस तरू न्यायचे होते परड्यात लावायला.
कुठले देऊ? वांगं कुठलं, मिरची कुठली,
अजून आठवडाभर तरी कळायचं नाही.
"यावदरे कोडव्वा," म्हणाली.
भुजंग आतून म्हणाला, "इतक्यात हलवू नका.
तिसरं पान येऊ दे."

तिसरं पान.
त्यानं मोजली होती.