खड्डा क्रमांक अकरा, उलवे

दीड मीटर खोल. उन्हाकडची भिंत मी राखून ठेवलेली.
दुंदा घरत काठावर बसलेत, पाय आत सोडून,
त्यांच्या टाचेच्या भेगांत अजून ओला चिखल.
वर्तकबाई शिकवायच्या: आधी सुरीच्या टोकाने खरवड,
फावड्याने माती लिंपली जाते, थर लपतात.
म्हणून तासभर खरवडते आहे.
खिळ्याला टेप लटकवलीय, शून्य वर.

शून्य ते अडतीस: भराव.
कुठल्या तरी टेकडीचा मुरूम,
त्यात निळ्या टाइलवरचं अर्धं फूल,
गुटख्याची पुडी, चकाकी शाबूत.
मुळं: नाहीत.

अडतीसला रेघ. पट्टीने मारावी तशी.
माती अशी रेघ मारत नाही कधी,
तिच्या सीमा विरत जातात, गांडुळं त्या रोज मोडतात.
ही डंपरची रेघ.

तिच्याखाली काळसर तपकिरी.
रंगांच्या वहीतल्या चौकोनी भोकामागे ढेकूळ धरते,
एकदा ओलं, एकदा कोरडं, एकदा सावलीत नाही म्हणून छत्री उघडून.
फोडलं तर आत गंजाच्या नळ्या, सुईएवढ्या.
भाताचं मूळ चिखलात श्वास सोडतं,
श्वास लागतो तिथलं लोखंड तांबडं होतं.
मूळ गेलं. नळी आहे.

"भाताचं शेत होतं?"
"आमचाच व्हता," दुंदाकाका म्हणतात,
जणू मी वेळ विचारली.

आणि मग पन्नासला
दोन बोटं जाड, फिकट, गाळाची पट्टी.
आम्लाचे दोन थेंब टाकले तर फसफसली,
भिंगातून दिसल्या शिंपल्या, तांदळाच्या कणीएवढ्या.
खाली पुन्हा तीच काळसर नांगरट.
शेत, मग खाडी, मग परत शेत.
मी लिहिते: आकस्मिक निक्षेप, बहुधा भरतीचा.
"बहुधा"खाली रेघ मारते.

काका खाली उतरतात. पट्टीवर अंगठा ठेवतात.
"खांड गेली व्हती बांधाला. उघाडीपाशी.
आवशीने रातभर पेंढा टाकला, आमी चिखल.
बयनीचं लगीन त्या वरशी नाय झाला.
तीन वरसा काय पिकला नाय."
थोडी माती जिभेवर ठेवतात, थुंकतात.
"आता खारी नाय. मचूळ हाय."

माझं यंत्रही साधारण तेच सांगतं,
फक्त आकड्यात, आणि बॅटरी कमी असल्याचा लाल दिवा लावून.

एक मीटर वीस: निळसर करडी चिकण,
कुजक्या अंड्याचा वास, हाताला साबणासारखी.
अंगठा आणि बोटामधून रिबन काढते,
सात सेंटिमीटर, आठ, तुटत नाही.
आठावर मीच थांबते.
इथे हवा कधी पोचलेली नाही.
सुरी लावल्यापासून आत्तापर्यंत
कडेला पिवळट छटा चढायला लागलीय.
म्हणजे बघितल्यानेच बदलते आहे ती.
हे वहीत कुठे लिहायचं?

"हितं काय लावनार?"
"लॉन. बाग होणार आहे, कारंजं वगैरे."
काका हसत नाहीत. चिकणीचा गोळा वळत बसतात,
वळून झाल्यावर तो काठावर ठेवतात,
मग उचलून पुन्हा खड्ड्यात टाकतात.

पाच थर, पाच पिशव्या, पाच चिठ्ठ्या.
गाळाच्या पट्टीला वेगळी पिशवी नाही,
पाचपेक्षा जास्त नमुने प्रयोगशाळा घेत नाही,
कार्यालयाने बजावलंय.
फॉर्मच्या शेवटी शेरा, दीड ओळीची जागा.
"उघाडी" लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते,
कंसात काही नाही लिहीत.

संध्याकाळी खड्डा बुजवायचा.
काका आधी निळी टाकतात, मग काळी,
फिकट पट्टीचं जे थोडं चवड्यावर जमलं होतं
ते शोधून मधे पसरतात, हाताने.
मुरूम सगळ्यात शेवटी.
पायाने दाबून झाल्यावरही ढीग उरतो,
पाटीभर, दोन पाट्या.

काढलेली माती परत मावत नाही,
हे पहिल्या वर्षी शिकवतात,
कारणही सांगतात, परीक्षेत विचारतात.
काका ढिगाकडे बघतात, मग माझ्याकडे.
"ह्याचा काय करू?"