चमचाभर

आगरवाड्याच्या आरोग्य केंद्रात
पट्टा दंडावर फुगतो, मग सुस्कारा टाकतो.
एकशे अडुसष्ट. खालचा शंभराला टेकलेला.
डॉक्टरीण फुर्तादो, माझ्या धाकटीच्या वयाची,
विचारते, "काका, काम काय करता?"
मी म्हणतो, मीठ.

ती हसत नाही. मी असतो तर हसलो असतो.
खणातून चहाचा चमचा काढते:
एवढंच. दिवसभराचं. सपाट, शीग नाही.
यातच लोणचं आलं, पापड आला,
सुका बांगडा आला, किसमूर आली,
पेजेबरोबरचं खाऱ्यातलं तोर आलं.

चाळीस वर्षं मी मानशीचं दार उघडून
खाडी आत घेतली,
उन्हाला पाजली,
फळीने ओढून बांधावर पांढरे ढीग घातले.
माझ्या टाचांच्या भेगांतच
तुमचा चमचा भरेल, डॉक्टरीणबाई.

"दुखत तर काहीच नाही," मी म्हणतो.
"तेच तर," ती म्हणते, आणि गोळी लिहिते.
रोज एक. बरं वाटलं तरी बंद नाही.

घरी कुंदाने चमचा मोजून वाटीत ओतला,
वाटीवर झाकण.
पहिल्या दिवशी पेज म्हणजे ओला कागद.
तिसऱ्या दिवशी हुमणावरून भांडलो
(तिची चूक नव्हती, सोलं होती, तिरफळंही होती).
पाचव्या दिवशी खोपीत जाऊन एक खडा उचलला,
जिभेवर ठेवला,
आणि बिडी ओढताना सापडलेल्या पोरासारखा
उभा राहिलो. मागे कोणीच नव्हतं.

मग कधीतरी, नेमका दिवस सांगता येणार नाही,
उकड्या तांदळाची पेज गोड लागली.
साखरेसारखी नाही. भातासारखी गोड.
अठ्ठावन्न वर्षं ही चव ताटातच होती
आणि मी तिच्यावर मीठ टाकत होतो.

काल रस्त्याकडेला माझ्या ढिगापाशी
पणजीची गाडी थांबली. एक बाई उतरल्या.
"हे जाडं मीठ प्रेशरला चालतं ना?
नैसर्गिक असतं म्हणतात."
दहा किलोच्या बेतात होत्या.
मी तराजूकडे बघितलं,
खोपीकडे बघितलं, पावसाआधी रिकामी व्हायची आहे.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
विकल्या मिठाचं कोणी काही सांगत नाही.
म्हटलं, बाई,
जाडं असो, बारीक असो, रक्ताला फरक कळत नाही.
चव चांगली आहे. चमचा छोटा ठेवा.

एक किलो नेलं त्यांनी.
कुंदा म्हणाली, असा धंदा केलात
तर पेज आपोआपच अळणी होईल.

संध्याकाळी बांधावरून चालत
मानशीपर्यंत गेलो, परत आलो.
तेही चिठ्ठीवर आहे: अर्धा तास, रोज.
ओठावर घाम उतरला.
खारट.
हा धरायचा का चमच्यात,
मंगळवारी विचारायला हवं.