गो, वेंट, गॉन

डेक्कनच्या स्टॉपवर त्या मुलीनं काहीतरी विचारलं,
त्यातलं लास्ट बस एवढंच मला कळलं.
शेवटची बस गेली, हे सांगायचं होतं.
तोंडातून निघालं: गो. बस, गो.
ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, जोरात: गो, गो.
तिनं माझ्या खाकीकडे पाहिलं
आणि पाठीवरची बॅग सावरत
गरवारे कॉलेजच्या बाजूला चालायला लागली,
अंधारात, हाकलल्यासारखी.

म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी ड्यूटी सुटली की
नाना पेठेतल्या शाळेत, चौथी ब च्या वर्गात
मी बसते. गुडघे बाकात मावत नाहीत.
साळवे मिस फळ्यावर तीन रकाने आखतात.
आम्ही म्हणतो, ईट, एट, ईटन. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक.
ड्रंकला बागवानचाची दर वेळी पदरात हसतात.
मला कट आवडतो. कट, कट, कट.
काळ बदलला तरी जागचा हलत नाही,
आमच्या कंट्रोलरसारखा.

गाडी लागेपर्यंत वेबिलाच्या पाठीमागे पेन्सिलीनं
ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट.
कोंढरे ड्रायव्हर म्हणतात, बाई, सहा वर्षं राहिली रिटायरला,
आता काय विलायतेला डबल बेल देणार?
मी म्हणते, तुम्ही गिअर टाका.

गृहपाठ होता: काल दिवसभरात काय केलं.
आधी मराठीत लिहून काढलं.
मी तिकीट काढलं. मी चिल्लर दिली.
मी पास तपासले. मी बेल मारली.
आणि पेन तिथंच थांबलं.
वाक्य सुरू माझ्यापासून होतं,
पण शेवटचा शब्द बघा कुणाच्या मागे गेलाय:
तिकिटाच्या, चिल्लरीच्या, लोकांच्या पासांच्या.
बावीस वर्षं केलं मी,
आणि एकही क्रियापद माझ्या बाजूनं उभं नाही.

मिसनी चष्मा काढून वही जवळ धरली.
म्हणाल्या, सुगंधाताई, हे मला कधी दिसलंच नव्हतं.
मग इंग्रजीत करून दिलं. आय गेव्ह.
तिकीट असो, चिल्लर असो, गेव्ह वळून बघत नाही.
बरं वाटलं क्षणभर.
पण तो माझ्याकडेही बघत नाही हो.
बाई होती का बाप्या, वेंटला पत्ता नसतो.
आमच्यात बस गेली, ती पोरगी गेली,
दोघींना एकच गेली पुरते,
निदान कुणीतरी बाई गेली एवढं तरी उरतं मागं.

शुक्रवारी हॅज गॉन आलं.
मिस म्हणाल्या, गेलंय, पण त्याचं अजून आपल्याला काहीतरी आहे,
तिथं हॅज गॉन.
मी हात वर केला. मग ती मुलगी, हॅज गॉन?
कधीची गोष्ट, त्यांनी विचारलं.
नऊ फेब्रुवारी, रात्री साडेअकरा.
मग वेंट, म्हणाल्या. तारीख टाकली की वेंट. ते संपलं.
मी लिहून घेतलं. नियम आहे.
पण तारीख पाठ आहे म्हणजेच संपलेलं नाही,
हे कोणत्या रकान्यात घालायचं
ते विचारायचं राहिलं, शिपाई दिवे घालवत होता.
निघताना सवयीनं म्हटलं, येते.
मिस हसल्या. हे मात्र इंग्रजीत करू नका.

परवा त्याच स्टॉपवर एक उंच, परदेशी पोरगा.
मी वाक्य जुळवायला लागले, द लास्ट बस,
तोवर तोच म्हणाला, मावशी, बस गेला?
गेला.
मी दुरुस्त केलं नाही.
हॅज गॉन, म्हटलं, नीट, एकेक शब्द मोजून,
सुट्टे परत देतात तसं.
आणि त्याच्यासाठी रिक्षाला हात केला.
हात करणं इंग्रजीत काय म्हणतात,
अजून तिथवर आलो नाही.