कोष्टक तिसरे

अल्माटीत कडेकडेचा बर्फ काळा पडलाय
आणि झाउरे विचारते, उंबरठा कुठे ठेवायचा?

खाली ठेवला, तर पहिली पद्धत
दर तिमाहीला ओरडते, लांडगा आला रे आला.
वर ठेवला, तर गाढ झोपते,
आणि तेंगे एका सकाळीत
पाचवा हिस्सा गमावून बसतो.

लॉजिट जरा सभ्य.
शक्यता सांगतो: शून्य पूर्णांक एकतीस शतांश.
एकतीस शतांशाचं करायचं काय
हे माझ्या आईला विचारा.
तिने त्या फेब्रुवारीत
फ्रिजसाठी साठवलेलं पाकीट काढलं, मोजलं,
पुन्हा मोजलं.
नोटा तेवढ्याच होत्या.

निर्णयवृक्षांचं रान सगळ्यांत हुशार,
जुनी संकटं त्याला तोंडपाठ.
पुढचं विचारलं की पान हलत नाही.

मग झाउरे म्हणाली,
कोपऱ्यावरची ती पैसे बदलून देणारी गौखार,
भाव कोसळायच्या आदल्या संध्याकाळी
खिडकीवरचे लाल आकडे विझवते म्हणतात.
तोही एक रकाना घालू.

घातला. आठ महिने नोंदी केल्या
बसथांब्यावरून, हातमोज्यात पेन्सिल धरून.
दोनदा विझले आकडे.
एकदा खरंच.
एकदा, गौखारनेच हसत सांगितलं,
नातवाने वायर ओढली होती.

खोटा इशारा: एक.
तळटीप दिली नाही आम्ही.

संकट अजून आलेलं नाही, किंवा
आलंय आणि आकडेवारी यायची आहे.
घरी जाताना दोघी
आधी त्या वायरकडे बघतो.