कारखान्याची

दोराबशेठनी बनातीवर तीन रायफली मांडल्या.
पहिली जर्मन. किंमत त्यांनी हळूच सांगितली,
जशी डॉक्टर बाहेर नेऊन सांगतात.
दुसरीला अक्रोडाचा दस्ता, त्यावर कोरलेलं हरीण.
मला हरीण नको होतं.

तिसरी कारखान्याची.
काळ्या प्लास्टिकचा दस्ता, बुडाशी नंबर,
तिच्यासारख्या हजार असतील.
रबाळ्याला बावीस वर्षं मायक्रोमीटर धरतेय मी.
बोल्ट ओढला, सोडला, पुन्हा ओढला.
खरखर नाही.
हिच्या नळीसाठी कुणीतरी
चहाची सुट्टी सोडली असणार.

घोडा मात्र जड.
असू दे. माझं बोटही काही हलकं नाही.

"तीनशे मीटरला पुरेल?"
"पुरेल. उरलेले काडतुसांना ठेवा, बाई.
नेम तीच शिकवतात."

भिशीच्या नोटा त्यांनी दोनदा मोजल्या,
परवाना उजेडात धरला; घडीवर विरलाय,
अकरा महिने पर्समध्ये होता.
घरी अजून सांगितलेलं नाही.
नवरा विचारेल, एवढ्यात फ्रीज आला असता.
आला असता.

वाऱ्याचं तेवढं फुकटात चाललंय.
ऐरोलीच्या पुलावर कंपनीची बस रोज अडकते,
खाली कांदळवनात एक निळी पिशवी लटकलीय.
ती किती फुगते, कुठे वळते बघायचं
आणि मनात नेम
दोन बोटं डावीकडे सरकवायचा.
काल तीन लागली.