वजाबाकी

रुवीतल्या हॉलात दुपारी चारला
बिजॉयचा सिंथ मिक्सरला जोडला
तर सुरांच्या आधी एसीच बोलला.
पन्नास सायकलचा जाड घरघरता आवाज,
घशात कफ अडकल्यासारखा.
केबल वीस मीटर,
आत एकच तार, वरून जाळीचं कवच.
वाटेत डिमर, जनरेटर, पडद्याची मोटर,
जे भेटलं ते तिनं घरी आणलं,
पोरानं रस्त्यातले खिळे-बुचं खिशात भरून आणावेत तसं.

शौकत परकार, खेडचा, बावीस वर्षं मस्कतमध्ये,
म्हणाला, वाईट नाही रे ती.
हातभर अंतरावर ठेव, गुमान वागते.
लांब पाठवलीस की भरकटते.

मग सिंथच्या बुडाशी त्यानं डीआय बॉक्स ठेवला
आणि तीन पिनांची केबल ओढली.
दोन तारांत एकच सूर,
एकीत सुलट, दुसरीत उलटा.
तिसरी नुसती जमीन.
गोंगाट दोघींना सारखाच चिकटतो
आणि मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो.
सारखं ते जातं.
उलट ते दुप्पट होऊन उरतं.

घरघर थांबली.
इतकी, की खालच्या न्हाव्याची कात्री ऐकू आली.
बिजॉयनं एक पट्टी दाबली, दाबूनच ठेवली.

रात्री दहाला कार्यक्रम सुटल्यावर
जिन्यात बसून नयनाला फोन लावला.
चिपळूणला साडेअकरा.
सगळं ठीक, ती म्हणाली.
सगळं ठीक, मी म्हणालो.
जेवलास? जेवलो. तू? जेवले.
दोन्हीकडून सारखंच येत राहिलं
आणि लाईनवर काही उरेना.

वर शौकत केबल गुंडाळत होता.
एक वेढा सुलट, एक उलटा,
नाहीतर पीळ पडतो, दर वेळी सांगतो.

दोन महिने पगार नाही, मी म्हणालो.

बराच वेळ काही नाही.
मागे पंखा, लांब कुठलं तरी कुत्रं.

मी तुझी बाईक विकली, ती म्हणाली.
मार्चमध्येच.

कितीला?
बावीस हजार.
कमी आले.
कमीच आले.

शौकतनं वरून विचारलं,
अरे, ती छोटी केबल कुठे ठेवलीस,
एका तारेची?
मी म्हटलं, माझ्याकडे आहे.