एक, तीन, चार, दोन

मंगळवारी अदेरितूनं सर्व्हिसिंग केली :
नवे प्लग, नवं ऑइल, फिल्टर,
काचही पुसून दिली, तिचे पैसे लावले नाहीत.
जुने प्लग डब्यात घालून परत दिले. सरळ माणूस.
बुधवारी पहाटे मागे राईचे एकशे वीस पाव, अजून गरम,
आणि विन्याइशच्या चढाला
गाडीला उचकी लागली.

कुणी आठवण काढली असेल, म्हटलं.
दुसऱ्या वळणावर पुन्हा. तिसऱ्यावर पुन्हा.
इतकी आठवण कुणी कुणाची काढत नाही.

एक, तीन, चार, दोन.
शहाऐंशी सालापासून या रेनोचं एवढंच पाठांतर.
मी मेकॅनिक नाही, पण इतकी वर्षं
पाठीच्या मणक्यांनी ऐकतेय.
आता ती म्हणत होती
एक,            चार, दोन.
मधलं गिळून टाकत होती,
कवळी घरी विसरलेल्या माणसासारखं.

फेलिज्मीना फाटकात उभीच.
"आज हॉर्न नको वाजवूस, दोन डोंगरांपलीकडून कळलं."
पाव दाबून बघितला, नेहमीसारखा.
पैसे उद्या, नेहमीसारखे.

अदेरितू म्हणाला, पेट्रोल. पेट्रोलात पाणी.
बोनेट उघडलं नाही त्यानं.
हात खिशात ठेवूनच म्हणाला.

रात्री गोठ्याच्या भिंतीलगत इंजिन सुरू ठेवून
मी एकेक वायर काढत गेले, जाड कोरड्या फडक्यात धरून.
पहिली काढली, लंगडलं. लावली, सावरलं.
दुसरी, तसंच.
चौथी काढली, बंदच पडायला आलं.
तिसरी काढली
आणि काही झालं नाही.

जिच्या जाण्यानं फरक पडत नाही, दोष तिथे.
हे वाक्य माणसांना लावून बघू नये.
मी लावलं, दोन नातेवाईक आठवले, मग सोडून दिलं.

दिवा मालवला. जिरेनियमच्या फवाऱ्याची बाटली आणली,
बोनेटखाली जरासं धुकं सोडलं,
आणि अंधारात तिसऱ्या प्लगच्या मानेशी
निळं काहीतरी चावताना दिसलं.
टिक. टिक. टिक.
आत जायचं होतं त्याला, पेट्रोलपाशी,
जात होतं आडवाटेनं, लोखंडात.

निवल्यावर उघडलं. पांढऱ्या चिनीमातीवर
केसाएवढी चीर, नखाला लागणारी,
डोळ्याला नाही.
पाना तिरका बसला की जाते.
किंवा हात जिथे थांबायचा तिथे थांबला नाही की.
अदेरितूचा हात! टॉर्क रेंच दाखवला
तर हसायचा तो. मनगटाला कळतं, म्हणायचा.

सकाळी प्लग रुमालात बांधून गेले. भांडायलाच.
तो कॉफी पीत होता, दोन्ही हातांनी.
दोन घोटांचा तो कप, कुणा तान्ह्याला पाजावं तसा
स्वतःच्याच तोंडाकडे नेत होता.
खाली ठेवताना बशीवर वाजला,
टिक, टिक, टिक.

"काय, पाणीच निघालं ना?"
मी रुमाल कोटाच्या खिशात आणखी खाली ढकलला.
"पाणीच," म्हटलं. "चार लिटर ओतून दिलं."
त्यानं मान हलवली आणि हात टेबलाखाली घेतले.

डब्यातला जुना प्लग मीच बसवला.
बोटांनी जाईल तिथवर,
मग पान्यानं पाव फेरा.
पाववालीला एवढं जमतं.

एक, तीन, चार, दोन, चढ संपेपर्यंत.
फेलिज्मीना म्हणाली, आज उशीर केलास,
ऐकूच आली नाहीस.

मार्चमध्ये पुढची सर्व्हिसिंग. अदेरितूकडेच.
त्या रात्री मला गोठ्यापाशी थोडं काम असेल.
जिरेनियम थंडीत गेले तरी
बाटली टाकणार नाही.